वध कोणता आणि खून कोणता?

चातुर्मासांत पांडवप्रतापाची पोथी लागली आणि कीचकाचा अध्याय आला, कीं वाशीम-रिसोडकडील मंडळी सरसावून बसतात. राजाच्या मेव्हण्यानें राबत्या बाईवर हात टाकावा आणि भीमानें त्याचा लोळागोळा करावा, ह्यांत कष्टकऱ्यांस आपला न्याय दिसतो. दिसावाच.

ह्याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचें 'कीचकवध' नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. प्रेक्षकांनीं कीचकांत लॉर्ड कर्झन ओळखला, सैरंध्रींत हिंदभूमि, धर्मराजांत मवाळ व भीमांत जहाल. १९०९ च्या डिसेंबरांत नाशिकचे कलेक्टर जॅक्सन ह्यांस अनंत कान्हेरे ह्यांनीं नाटकगृहांत गोळ्या घातल्या. तेथें खेळ 'शारदे'चा होता. पण १९१० सालीं सरकारनें बंदी घातली ती 'कीचकवधा'वर. खरा कर्झन १९०५ सालींच विलायतेस परतला होता!

आमचें भांडण 'वध' ह्या शब्दाशीं आहे. हा शब्द लागला कीं मेलेला राक्षस ठरतो, मारणारा पुण्यवान ठरतो आणि चौकशी मिटते. मूळ कथा इतकी स्वस्त नाहीं. राणीनेंच सैरंध्रीस दारू आणण्याच्या निमित्तानें कीचकाच्या वाड्यावर धाडलें. ती पळून भर दरबारांत आली, तेथें कीचकानें तिला लाथ मारली. आणि विराट म्हणाला, तुमचें भांडण आमच्या डोळ्यांआड झालें, आम्ही निवाडा कसा करावा? दाद मागण्याचें प्रत्येक दार असें बंद झाल्यावर ती रात्रीं भीमाच्या मुदपाकखान्यांत गेली. (कर्णाप्रमाणें कीचकहि सूतपुत्र म्हटला आहे, पण त्याचा गुन्हा कुळाचा नव्हे, करणीचा.)

आतां ३० जानेवारी १९४८ कडे पहा. प्रार्थनेस निघालेल्या निःशस्त्र म्हाताऱ्यावर नथुराम गोडशानें दिल्लींत गोळ्या झाडल्या. त्यास 'गांधीवध' म्हणणारे आजहि आहेत. त्यांस आम्ही विचारतों, कोणती सैरंध्री गोडशाकडे आली होती? कोणत्या दरबारानें त्याचें तोंड बंद केलें होतें? त्याच्या हातीं तर स्वतःचें वर्तमानपत्र होतें. गांधींपाशीं ना गादी, ना फौज. हा खून होय.

आणि पुढें काय झालें? कीचक मेल्यावर त्याचे भाऊबंद सैरंध्रीसच प्रेताबरोबर जाळावयास निघाले. भीमानें तिला सोडविलें, तर विराटानें तिलाच गांव सोडण्याचा निरोप धाडला. शेक्सपियरच्या 'जूलियस सीझर' नाटकांत खवळलेला जमाव सिन्ना नांवाच्या कवीस, केवळ मारेकऱ्याशीं नांव जुळतें म्हणून, फाडून टाकतो. १९४८ सालीं कोल्हापूर-साताऱ्याकडे निरपराध ब्राह्मणांचीं घरें पेटलीं, तीं केवळ जात जुळली म्हणून. पेटविणाऱ्यांत बहुजनांचीं पोरें होतीं. त्यांच्या करणीस आम्ही न्याय म्हणणार नाहीं.

मग ज्याची दाद कोणीच घेत नाहीं त्यानें करावें काय? १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जानें गांजलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. हें लोण पुढें गांवोगांव पसरलें. लुटालूट झाली, पण त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. खतें व रोखे बाहेर काढून ते जाळले गेले. सरकारला चौकशी नेमावी लागली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जाविषयींचा कायदा झाला.