विमानतळावरचे यंत्र आणि पोटातले बाळ

खेडच्या एका आपांनी विचारले आहे: मुलगी पाचव्या महिन्यात आहे, दुबईला नवऱ्याकडे जायचे आहे, विमानतळावरच्या मशीनचे किरण बाळाला लागतील का? सासरचे नको म्हणतात.

नाही लागणार. ज्या चौकटीतून चालत जायचे ती फक्त धातू शोधते. अंगावरून फिरवतात ती दांडीही तेच करते. दोन्हींत एक्स-रे नसतो, सौम्य चुंबकीय क्षेत्र असते. एक्स-रे असतो सामानाच्या यंत्रात, तिथे बॅगा जातात. काही विमानतळांवर हात वर करून उभे करतात. त्या यंत्राच्या लहरी कातडीच्या आत फारशा शिरत नाहीत. तरी मन धजत नसेल तर गरोदर असल्याचे सांगून हातानेच तपासायला सांगावे. आपल्याकडे बायकांची झडती पडद्याआड महिला कर्मचारीच घेतात, त्यामुळे बुरख्याचा संकोच नको. (हिजाबच्या पिना मात्र मशीनला वाजायला लावतात!)

काळजी घ्यायची ती बसून राहण्याची. गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. अधूनमधून उठून चालावे, पाणी प्यावे, पट्टा पोटाच्या खाली बांधावा.

डॉक्टरांची हरकत नसेल तर तिकीट लांबवू नका. सातव्या महिन्यानंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, नवव्यात बसूच देत नाहीत.