विचारा, सांगते : रात्रीच्या व्हिडिओतले दाणे



या आठवड्यात गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "पुतणीच्या हळदीच्या रात्री सासूबाईंनी जुनी गाणी म्हटली. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. आवाज छान आला, पण चित्रात सगळीकडे रंगीत दाणे वळवळतात, चेहरा धड दिसत नाही. दुकानदार म्हणतो, कॅमेरा गेला, नवा फोन घ्या. दिवाळीनंतर दिराचे लग्न आहे. सासूबाई आता थकल्या आहेत. बचत गटातून कर्ज काढू का?"

ताई, थांबा! आधी घरीच एक परीक्षा घ्या. भर दुपारी अंगणात नक्षीदार काठाची साडी वाळत घाला आणि त्याच फोनने मिनिटभर तिचा व्हिडिओ काढा. काठ स्वच्छ दिसला, तर कॅमेरा धडधाकट आहे असे समजा. मग दाणे कुठून आले?

पावसाळ्यात अंगणात दहा वाट्या मांडून बघा. भुरभूर असेल तर एका वाटीत चार थेंब पडतात, शेजारचीत एकच. धो धो पाऊस आला की सगळ्या सारख्या भरतात. कॅमेऱ्याच्या भिंगामागे नखापेक्षाही लहान अशी एक पाटी असते, तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर अशाच लाखो बारीक वाट्या असतात आणि त्यांत उजेडाचे कण पडतात. उजेड कमी असला की शेजारच्या वाट्यांत कमी-जास्त कण जमतात. फोन मग चित्र उजळ दिसावे म्हणून हा कमी-जास्तपणाही वाढवून दाखवतो. रेडिओ मोठा केला की गाण्याबरोबर खरखरही वाढते ना, तसेच हे!

म्हणून उपाय एकच, उजेड गोळा करायचा. तो असा :

१. दिवा जवळ आणा. अंतर निम्मे केले की छोट्या बल्बचा उजेड साधारण चौपट पडतो आणि उजेड चौपट झाला की दाण्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर येतो. दिवा डोळ्यांवर मारू नका. बाजूला पांढरी चादर टांगून तिच्यावर पाडा. चेहऱ्यावर मऊ उजेड येतो.

२. पाठीमागचा मुख्य कॅमेराच वापरा. त्याची पाटी बहुधा सर्वांत मोठी असते. वाटीपेक्षा परातीत पाणी जास्त मावते. बोटांनी चित्र मोठे करू नका, त्याने दाणेही मोठे होतात. चार पावले पुढे जा.

३. सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चित्रे असतील तर ३० किंवा २५ करा. प्रत्येक चित्राला उजेड गोळा करायला दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ मिळतो. फोन मात्र स्टुलावर किंवा डब्याला टेकवून ठेवा.

४. पडद्यावर सासूबाईंच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बाजूला सूर्याची खूण येत असेल तर ती किंचित खाली ओढा. मागचा अंधार काळाच राहिला की दाणे त्यात लपतात.

ही शेवटची युक्ती आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांनाही चालते, बरं का. मंडईनंतर रात्रभर नाटक बघताना रंगमंच झगमगतो आणि प्रेक्षक अंधारात असतात. फोन अंधार उजळायला जातो, नटाचा चेहरा पांढराफटक होतो आणि अंधारात दाणे नाचतात. तेव्हा चौकटीत फक्त रंगमंच घ्या.

प्रत्येक बिघाड दाण्यांचाच असतो असे मात्र नाही. दिव्याभोवती धुकट वलय दिसले तर भिंगावर तेलाचे बोट लागले आहे. मऊ सुती कापडाने पुसा. आडवे पट्टे सरकत असतील तर ते विजेचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ चित्रांवर बहुधा पट्टे जातात. एकच ठिपका दिवसाही त्याच जागी चमकत राहिला, तर मात्र पाटीतच दोष आहे, दुरुस्तीवाल्याला दाखवा.

आता झालेल्या व्हिडिओचे काय? दाणे घालवणारी ॲपे आहेत, पण जपून. जास्त घासले की दाण्यांबरोबर सुरकुत्या आणि काठाची नक्षीही जाते, चेहरा मेणाचा दिसतो. थोडेच करा आणि मूळ प्रत कधी पुसू नका. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर तो आणखी दाबला जातो आणि दाण्यांचे चौकोन होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

पण ताई, खरा उपाय लग्नघरापर्यंत कशाला लांबवायचा? सासूबाईंचा हात चालतो आहे, गळा गातो आहे, तर एखाद्या सकाळी दहा वाजता त्यांना ओसरीवर, उजेडाकडे तोंड करून बसवा. चहा द्या आणि म्हणा, "आई, ते हळदीचं गाणं म्हणा ना." दिवसाच्या उजेडाला कर्ज लागत नाही. हळदीच्या रात्री पुन्हा गायल्या तर ती वरकमाई!