माडाला पायऱ्या पाडणं बंद करा

मंडळी, काल पुन्हा तोच वाद. नारळ पाडायला आलेल्या गड्याने माडाला पायरी पाडायला कोयता उचलला, मी थांबवलं. शेजारचे दादा लगेच म्हणाले, "अरे, आंब्याची फांदी तोडतोस ना? ती जखम भरते, तशी ही पण भरेल."

नाही भरत! नववी-दहावीच्या विज्ञानात होतं, आपण मार्क घेऊन विसरलो. आंबा द्विबीजपत्री. सालीत रसवाहिन्या, पानातलं अन्न मुळाकडे नेणाऱ्या. आत लाकूड, म्हणजे जलवाहिन्या. दोघांच्या मधे वाढीचा पातळ थर, तोच नवीन लाकूड नि साल बनवत राहतो. म्हणून माझ्या हापूसची 8 वर्षांपूर्वी तोडलेली फांदी कडेने मिटत आली.

माडाला हा थरच नाही. आडवा कापलेला माड बघा, काळपट ठिपके सगळीकडे विखुरलेले. एकेक ठिपका म्हणजे जलवाहिन्या-रसवाहिन्यांची जुडी. शेंड्यात खोड बनताना ज्या जुड्या तयार झाल्या, त्यांच्यावरच माडाने जन्मभर भागवायचं. तुटली ती गेली. आणि जुड्या कडेला दाट, मधे विरळ. पन्हळीसाठी माड फोडलाय त्यांना ठाऊक आहे, गाभा मऊ असतो. म्हणजे कोयता पडतो तो नेमका कामाच्या भागावर.

"मग माड मरत का नाही?" दादांचा दुसरा प्रश्न, आणि इथेच सगळे फसतात. आंब्याची साल गोल सोलली तर मुळं उपाशी पडून झाड वाळतं. (द्राक्षवाले बारीक पट्टी काढतात ती भरून येते, तो विषय वेगळा.) माडाच्या थोड्या जुड्या तुटल्या तरी बाकीच्या काम ओढतात. पण सोसतो म्हणजे लागत नाही, असं कुणी सांगितलं?

आमच्या वडिलांनी पाडलेल्या पायऱ्या 35 वर्षांनीही तशाच उघड्या आहेत, पावसाळ्यात पाणी साचतं. सोंड्या भुंगा अशाच जखमांत अंडी घालतो. अळी आतून पोखरते, भोकातून तांबूस रस नि भुसा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. माझे दोन माड असेच गेले. वडिलांना दोष नाही, त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. आपल्याकडे चढायचं यंत्र आहे, नारळ विकास मंडळ त्याचं प्रशिक्षण देतं. तरी आपलं तेच, "यंत्राला वेळ लागतो." माड उभा राहायला किती वर्षं लागली ते कोण मोजतो?

गड्याला सांगितलंय, यंत्र माझं घे, मजुरी तीच. नाहीतर पडतील तेवढे नारळ मी खालूनच गोळा करीन.