दुरुस्तीचा रास्त दर ठरवायचा कसा?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद शहर देशभर चर्चेत आले ते एका अनोख्या खरेदीमुळे. शहरातील उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी विकत घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. एकगठ्ठा मागणीच्या बळावर त्यांनी कंपनीकडून सवलत मिळवली आणि स्टेट बँकेकडून ७ टक्के दराने कर्जही मिळवले. ग्राहक संघटित असला की बाजार त्याच्यापुढे कसा नमतो, याचा तो वस्तुपाठच होता. मात्र पुढे त्या दीडशेपैकी प्रत्येक गाडी कधी ना कधी दुरुस्तीसाठी कार्यशाळेत गेली असेल, तेव्हा तिचा मालक एकटाच होता. खरेदीच्या वेळी समूह सोबत असतो, दुरुस्तीच्या वेळी कोणीच नसते.

हे एकाकीपण केवळ महागड्या मोटारींच्या मालकांपुरते मर्यादित नाही. पहाटेच्या पाळीसाठी दुचाकीवरून वाळूज गाठणारा कामगार, दिवसाच्या कमाईवर घर चालवणारा रिक्षाचालक, जुनी मोटार जपून वापरणारे निवृत्त शिक्षक, अशा सर्वांसमोर मेकॅनिक एक आकडा ठेवतो. तो रास्त आहे की फुगवलेला, हे त्यांना कळत नाही आणि गाडी तर उद्या सकाळीच हवी असते. कामगाराची दुचाकी दोन दिवस गॅरेजमध्ये अडकली तर प्रश्न दोन दिवसांच्या हजेरीचा असतो. त्यामुळे घासाघीस करून शे-दोनशे रुपये कमी करून घ्यायचे आणि उरलेले मुकाट्याने द्यायचे, हीच रीत रूढ झाली आहे. या रीतीत ग्राहकाचे नुकसान होतेच, पण प्रामाणिक मेकॅनिकचेही होते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

वाहननगरीतील विसंगती

वास्तविक ज्या शहराने वाहन उद्योगावर आपली भरभराट उभी केली, तेथे तरी हे अज्ञान नसावे. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि शहराचे रूपच पालटले. त्याच्या आधाराने सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक यांसारख्या मोठ्या कंपन्या याच मातीत वाढल्या. शेंद्रा येथे स्कोडाचा प्रकल्प आला. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला, तोही याच शहराच्या परिसरासाठी. ब्रेक, सस्पेन्शन, क्लच, विजेची उपकरणे असे कितीतरी भाग येथील कामगारांच्या हातून घडतात. परंतु तोच कामगार गॅरेजच्या काउंटरवर उभा राहिला की त्याच भागाची योग्य किंमत त्याला सांगता येत नाही. कारण कारखान्यातून निघालेला भाग वाहन कंपनीच्या खोक्यात जातो आणि त्या खोक्याबरोबर त्याची किंमतही बदलते.

निदान आणि उपाय एकाच हाती

या कोंडीचे मूळ दुरुस्तीच्या व्यवहारातच आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. विक्रेत्याला वस्तूची खरी अवस्था माहीत असते, ग्राहकाला नसते आणि या विषमतेमुळे चांगला माल बाजारातून हद्दपार होऊ लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कार्याबद्दल २००१ मध्ये ते नोबेलचे मानकरी ठरले. दुरुस्तीचा व्यवहार तर याहून अवघड. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की काही सेवा अशा असतात ज्यांची खरोखर गरज होती की नाही, हे ग्राहकाला पैसे दिल्यानंतरही कळत नाही. दुरुस्तीनंतर गाडी सुरू झाली, एवढेच त्याला दिसते. ती शंभर रुपयांच्या फ्यूजने सुरू झाली असती की पाच हजारांचा भाग बदलणे खरोखर आवश्यक होते, हे कायमचे गुलदस्त्यात राहते. रोगाचे निदान करणारा, औषध लिहून देणारा आणि ते विकणारा एकच असतो, ही खरी अडचण.

म्हणून प्रत्येक मेकॅनिककडे संशयाने पाहावे असा याचा अर्थ नाही. ‘गाडी खोलल्याशिवाय सांगता येणार नाही’ हे त्याचे नेहमीचे वाक्य अनेकदा शंभर टक्के खरे असते. इंजिनातील आवाजाचे कारण बाहेरून कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा वेळी खोलून तपासण्याची मजुरी आधी ठरवावी आणि पुढील कामाचे अंदाजपत्रक तपासणीनंतर घ्यावे, हा दोघांनाही न्याय देणारा मार्ग आहे. निदानाचे वेगळे पैसे देण्यास ग्राहक कां-कूं करतो आणि मग ते पैसे न सांगता सुट्या भागांच्या किमतीत शिरतात.

एकूण रकमेत उत्तर नाही

‘सगळे मिळून किती?’ हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो आणि नेमका हाच प्रश्न त्याला अंधारात ठेवतो. अंदाजपत्रकाचा रास्तपणा एकूण रकमेवरून ठरत नाही. निदान, सुटे भाग, मजुरी आणि कर या चार घटकांची फोड झाली तरच तो तपासता येतो.

करापासून सुरुवात करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारी आणि दुचाकींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. मजुरीवरील दरही १८ टक्केच आहे. सुट्या भागाच्या वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत मात्र कर आधीच धरलेला असतो. समजा, ६,००० रुपये छापील किमतीचे भाग आणि ४,००० रुपये मजुरी, असे काम आहे. कोणी या दहा हजारांवर सरसकट १८ टक्के लावून ११,८०० रुपये मागितले, तर भागांवरील कर दोनदा आकारला गेला. हिशेबाने मजुरीवरील ७२० रुपये धरून रक्कम १०,७२० रुपये होते. उरलेले १,०८० रुपये निव्वळ जास्तीचे. शिवाय ज्या गॅरेजची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला कर आकारण्याचा अधिकार नाही. कंपोझिशन योजनेतील व्यावसायिकालाही तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. महाराष्ट्रातील नोंदणी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याची सुरुवात २७ या आकड्याने होते. एवढे पाहण्यासाठी यंत्रज्ञानाची गरज पडत नाही.

भागांच्या बाबतीत प्रश्न असतो गरजेचा आणि दर्जाचा. क्लच प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलावे, असे मेकॅनिक सुचवतो तेव्हा तो लुबाडतोच असे नव्हे. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते. सहा महिन्यांनी बेअरिंगसाठी ती पुन्हा मोजावी लागण्यापेक्षा आताच काम उरकणे शहाणपणाचे. दुचाकीची साखळी आणि स्प्रॉकेट एकत्र बदलण्यामागेही हेच तर्कशास्त्र आहे. याउलट, उन्हाळ्याच्या तोंडावर वातानुकूलन यंत्रणेत दरवर्षी ‘गॅस भरून’ देणाऱ्याला एक प्रश्न विचारायलाच हवा. ही यंत्रणा बंदिस्त असते, त्यातील वायू इंधनासारखा खर्च होत नाही. तो बराच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला वायू म्हणजे पुढील उन्हाळ्याची बेगमी. इंजिन फ्लशिंग, डिकार्बनायझिंग, तऱ्हेतऱ्हेची कोटिंग्ज ही कामे वाहनाच्या पुस्तिकेतील देखभालीच्या वेळापत्रकात आहेत का, हे पाहूनच होकार द्यावा. बॅटरी ‘गेली’ असे सांगितले जाते तेव्हा चार्जिंग यंत्रणा तपासली का, हेही विचारावे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १४ व्होल्टच्या आसपास दाब मिळत नसेल, तर दोष अल्टरनेटरकडे असू शकतो आणि नवी बॅटरीही चार दिवसांत मान टाकते.

खोक्याची किंमत

भागांच्या किमतींचा प्रश्न मात्र एकट्या गॅरेजचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे खुल्या बाजारात येऊ न देता कंपन्यांनी दुरुस्तीच्या बाजारावर पकड ठेवली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. काही भागांची विक्री किंमत मूळ खर्चाच्या कितीतरी पट असल्याचे चौकशीत आढळले होते. भाग आणि त्यांच्या किमती जाहीर कराव्यात, स्वतंत्र गॅरेजना अडथळे आणू नयेत, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे निर्देशही आयोगाने दिले. आदेशाला आव्हाने दिली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबतचे मुख्य निष्कर्ष कायम ठेवून दंडाचा हिशेब तेवढा कमी केला. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू झाले. मोटारींचा त्यात समावेश आहे. तथापि संकेतस्थळावरील माहिती आणि गॅरेजच्या काउंटरवरील कागद यांतील अंतर अजून मिटलेले नाही.

मजुरीचा उलटा हिशेब

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि वाहनांतील संवेदक व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वाढल्या. स्कॅनरविना आता अनेक दोष सापडत नाहीत. छोट्या गॅरेजला तो परवडत नाही, किंवा कंपनीच्या तोडीची माहिती त्याला मिळत नाही. मग ‘हा भाग बदलून पाहू’ अशी चाचपणी सुरू होते आणि तिचा खर्च ग्राहकाच्या माथी पडतो. जागेचे भाडे, हाताखालच्या पोरांचा पगार, अवजारे हे सारे मेकॅनिकला मजुरीतूनच भागवायचे असते. ग्राहक मात्र छापील किमतीपुढे गप्प बसतो आणि मजुरीवर तुटून पडतो. कौशल्याचे मोल कापले गेले की मेकॅनिक ते भागांच्या विक्रीतील नफ्यातून भरून काढतो. त्यातून जास्त भाग बदलण्याचा मोह जन्मतो. म्हणजे मजुरीत वाचवलेले पाचशे रुपये भागांच्या रूपाने दुपटीने परत जातात.

ग्राहकाच्या माहितीने किती फरक पडतो, याचा अभ्यास मेगन बुसे, आयेलेट इस्रायली आणि फ्लोरियन झेटलमायर यांनी अमेरिकेत केला. दूरध्वनीवरून गॅरेजना एकाच दुरुस्तीचा दर विचारला गेला. दराची काहीच कल्पना नाही असे सांगणाऱ्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त दर सांगितला गेला, परंतु अपेक्षित दर आधीच बोलून दाखवला तेव्हा हा फरक नाहीसा झाला. विचारणाऱ्याकडे एक आकडा असणे, एवढ्यानेही व्यवहाराचा सूर बदलतो. दुसऱ्या गॅरेजमधून त्याच कामाचे, त्याच फोडीचे अंदाजपत्रक घेणे हाच तो आकडा मिळवण्याचा साधा मार्ग. तुलना करताना मात्र कंपनीचा भाग आणि स्थानिक बनावटीचा भाग यांची गल्लत होता कामा नये. स्वस्त अंदाजपत्रक अनेकदा हलक्या भागामुळेच स्वस्त असते.

कायदा आहे, कागद नाही

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. सेवा देऊन बिल न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवरही दाद मागता येते. परंतु या साऱ्या तरतुदी एका कागदावर अवलंबून आहेत. कामाचा तपशील, भागांची नावे आणि किमती, मजुरी, मुदत आणि ‘अंदाजापेक्षा खर्च वाढल्यास आधी कळवावे’ ही एक ओळ, एवढे लेखी असले तर तक्रारीला आधार मिळतो आणि बहुतेकदा तक्रारीची वेळच येत नाही. बदललेले जुने भाग परत मागणे हाही असाच एक साधा, पण परिणामकारक उपाय. ‘बिल हवे की बिनबिलाचे?’ या प्रश्नावर कर वाचवण्याच्या मोहाने दुसरा पर्याय निवडणारा ग्राहक आपला पुरावाच गॅरेजमध्ये सोडून येतो.

येत्या काही वर्षांत बिडकीन परिसरातून विजेवरील वाहनेही रस्त्यावर येतील. त्यांत क्लच नसेल, इंजिन ऑईल नसेल. असेल ती बॅटरी आणि तिच्या भोवतीची संगणकीय यंत्रणा, म्हणजे बाहेरच्या मेकॅनिकला आणखी बंद आणि ग्राहकाला आणखी अगम्य. आजच फोड करून अंदाजपत्रक देण्या-घेण्याची सवय लागली नाही, तर उद्या ती लावणे अधिक कठीण होईल. दीडशे मोटारी एकदम घेताना या शहराने दाखवलेली एकी दुरुस्तीच्या वेळीही दाखवता येईल. गृहनिर्माण सोसायट्या, कामगार संघटना आणि ग्राहक पंचायती यांनी नेहमीच्या दहा-वीस कामांचे दर गोळा करून आपल्या सदस्यांपुढे ठेवले, तरी काउंटरवर उभा असलेला माणूस एकटा राहणार नाही. आणि चोख काम करून योग्य मजुरी मागणाऱ्या मेकॅनिकलाही मग आपला दर सांगताना नजर चुकवावी लागणार नाही.