रोप सुकते तेव्हा आधी माती बघा

आमच्या कालकथित आईच्या प्रथम स्मृतिदिनी, ऑक्टोबर महिन्यात, आम्ही अंगणात केशर आंब्याचे कलम लावले. "माझ्यामागे जेवणावळी घालू नका, एक झाड लावा," असे ती सांगून गेली होती. तेव्हा त्या कलमाला आमच्या घरी किती मोल, हे वाचक बंधू-भगिनींना वेगळे सांगायला नको.

डिसेंबरात पाने पिवळी पडून माना टाकू लागली. आम्ही कामावर जाताना बादलीभर पाणी घालत होतो, दुपारी सौ. घालायच्या, संध्याकाळी मुलगा. पाने सुकतात म्हणून पाणी आणखी वाढवले. वर मूठभर युरियाही टाकला. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग घरात एकमेकांना दोष देणे सुरू झाले. आमची नोकरी हिशेबाची. पण झाडाला पाणी किती जाते, हा हिशेब तिघांपैकी कोणीच ठेवला नव्हता.

शेजारचे तात्या पूर्वी नगरपालिकेच्या बागेत माळी होते. त्यांनी आळ्यात काठी खुपसली. ती चिखलाने माखून वर आली, कुजका वास सुटला.

"भाऊ, याला तहान नाही लागली, हे बुडतंय," तात्या म्हणाले.

घर बांधताना उरलेला राडारोडा आम्ही तिथेच पुरला होता. त्यामुळे पाणी खाली मुरत नव्हते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. हवा मिळाली नाही की मुळे कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी वर चढवू शकत नाहीत. म्हणून चिखलात उभे असलेले रोपही तहानल्यासारखे दिसते.

तात्यांनी नखाने खोडाची साल किंचित खरवडली. आत हिरवे दिसले. म्हणजे जीव होता. त्यांनी पाणी बंद करायला लावले, उताराच्या बाजूला चर काढून दिला आणि खताला हात लावू नका असे बजावले. आजारी मुळांना खत सोसत नाही, उलट जाळते.

तेव्हापासून आम्ही पाळतो ते असे. दोन-तीन इंच खाली बोट घालून बघावे. माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पाणी बुंध्याशी ओतू नये, थोडे दूर गोल आळे करून द्यावे. उन्हाळ्यात आळ्यात पालापाचोळा पसरावा, पण तो खोडाला चिकटू देऊ नये. पश्चिमेच्या उन्हाला जुन्या गोणपाटाचा आडोसा करावा. कलमाच्या जोडाखाली फुटवे आले तर काढून टाकावेत, ते खुंटाचे असतात. केशर त्यांतून मिळत नाही. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडावी, नाहीतर खोडात रुतते. पहिली तीन वर्षे मोहोर आला तरी खुडावा. लहान झाडाने आधी अंग धरावे, फळाचे नंतर बघू.

दोन महिने कलम तसेच उभे होते. सौ. रोज बघायच्या आणि काही न बोलता आत यायच्या. मार्चमध्ये शेंड्याला तांबूस पालवी फुटली. त्या दिवशी त्यांनी आम्हाला कामावर निरोप पाठवला.

आता आमच्याकडे पाणी एकच जण घालतो, तेही मातीत बोट घालून पाहिल्यावर.