झेंडूला ‘औषध’ नको

दसऱ्याच्या तोरणाला घरचा झेंडू असावा, ही हौस इंदुरातील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माझा आक्षेप त्या हौसेला नाही. तिच्यामागून घरात शिरणाऱ्या कीटकनाशकाला आहे. या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो, इथूनच चूक सुरू होते.

काही वर्षांपूर्वी, सप्टेंबरातील एका सायंकाळी, तीन वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले. तोंडातून लाळेची धार, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वासाला घरघर. व्यवसायबंधूंना निदान सांगावयास नको. आजोबांनी झेंडूवर फवारून उरलेले ऑर्गॅनोफॉस्फरस शीतपेयाच्या बाटलीत ओतून कुंडीमागे ठेवले होते. अ‍ॅट्रोपिन वेळेवर मिळाले, मूल वाचले. आजोबांनी मात्र पुन्हा बागेत पाऊल ठेवले नाही.

वस्तुतः झेंडू हे मूळ मेक्सिकोकडचे, अत्यंत सोशिक झाड. त्याच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक असतात, म्हणून शेतकरी टोमॅटोच्या शेतात त्याच्या ओळी लावतात. कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी दिसला, तर सकाळी पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारावा. चार-पाच दिवस नेमाने. माव्यालाही हाच उपाय. त्यातूनही झाड सुधारले नाही, तर उपटावे. एका रोपाची ती काय किंमत!

आपल्याकडे झेंडू बहुधा किडीने नव्हे, पाण्याने मरतो. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात आणि आपण कीड समजून फवारणी करतो. त्या मातीत वाळू व कंपोस्ट सढळ हाताने मिसळावे. (कचऱ्यापासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ याच गावची, अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी ती 1931 साली ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. आपल्याला तिचे विस्मरण झाले आहे.) कुंडीच्या तळाचे भोक मोकळे असावे, पाच-सहा तास ऊन मिळावे. जुलैच्या प्रारंभी बी पेरावे आणि रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा; फुटवे वाढतात. सुकलेली फुले वरचेवर काढली की बहर टिकतो.

लसीकरणास येणाऱ्या पालकांना मी अलीकडे एक प्रश्न विचारतो : घरी झाडे आहेत का, आणि त्यांवर फवारायचे कुठे ठेवता, कोणत्या बाटलीत? उत्तर देताना पुष्कळदा आई वडिलांकडे पाहते. आपल्या सोसायटीच्या सर्व सभासदांनी हा प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. विशेषतः श्रावणापासून दिवाळीपर्यंत.