पूररेषेचा सौदा

सीनेच्या पूररेषेमुळें अहिल्यानगरांतील जमिनींचें मोल घटतें, सबब ती नदीकडे सरकवावी, असें म्हणणारे आहेत. निळी रेषा २५ वर्षांतून सरासरी एकदां येणाऱ्या पुराची मर्यादा. लाल रेषा १०० वर्षांतून एकदां येणाऱ्याची. या मोजून काढावयाच्या असतात, मागून घ्यावयाच्या नसतात. मालकाचें नुकसान खरें. त्यानें भरपाई मागावी, रेषा नव्हे. कागदावरची रेषा सरकली म्हणून पाणी सरकत नाहीं. आणि बुडतो तो भूखंड विकून मोकळा झालेला नव्हे, कर्ज काढून घर बांधणारा.

नदी जिल्ह्याची हद्द तरी कोठें मानते? नगरच्या परिसरांत उगम पावणाऱ्या याच सीनेनें २०२५ च्या सप्टेंबरांत सोलापूर जिल्ह्यांतील गांवें पाण्याखालीं नेलीं. म्हणून कायद्याचें क्षेत्र खोऱ्यावरून ठरावें, आणि रेषा सात-बाराच्या उताऱ्यावर नोंदली जावी. म्हणजे घेणारा डोळे उघडून घेईल.